उत्तर चुकले की प्रश्नच कळला नाही? अमेरिकेतील शालेय चाचण्या आणि इंग्रजी शिकणारी मुले

गणिताच्या प्रश्नपत्रिकेत ‘टेबल’ म्हणजे कोष्टक, ‘ऑड’ म्हणजे विषम संख्या आणि ‘क्वार्टर’ म्हणजे कधी पाव भाग, तर कधी पंचवीस सेंटचे नाणे. मेक्सिको, व्हिएतनाम किंवा हैतीतून नुकतेच अमेरिकेत आलेले मूल गणित येत असूनही अशा एखाद्या शब्दापाशी अडते आणि निकालात मात्र ते गणितात कच्चे ठरते. चाचणीने नेमके काय मोजले, विषय की इंग्रजी, हा प्रश्न अमेरिकेतील शिक्षणव्यवस्थेला फार उशिरा पडला.

बुद्धिचाचण्या नव्या होत्या, त्या काळात हा गोंधळ सर्वाधिक घातक ठरला. १९१३ मध्ये हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांच्या चाचण्या दुभाष्यांमार्फत घेतल्या आणि त्यांतील बहुसंख्यांना मंदबुद्धी ठरवले. पुढे पहिल्या महायुद्धात सैन्याने इंग्रजी न वाचणाऱ्यांसाठी ‘बीटा’ नावाची चित्रांवर आधारलेली स्वतंत्र चाचणी तयार केली, म्हणजे भाषेचा अडसर १९१७ मध्येच लक्षात आलेला होता. तरीही सैन्याच्या आकडेवारीवर मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये जे निष्कर्ष काढले, ते आज वाचताना अस्वस्थ व्हायला होते. अमेरिकेत जितकी अधिक वर्षे काढलेली, तितके गुण अधिक, असे आकडे सांगत होते. त्यावरून मुक्कामाबरोबर भाषा आणि रीतिरिवाज अंगवळणी पडतात हे उघड दिसायला हवे होते. ब्रिगम यांनी अर्थ लावला तो असा की, अलीकडे येणारे लोकच मुळात कमी बुद्धीचे आहेत. १९३० मध्ये त्यांनी हे निष्कर्ष स्वतःच मागे घेतले आणि एखाद्या भाषेतील चाचणी ती भाषा शिकण्याची सारखी संधी मिळालेल्यांनाच द्यावी, असे मान्य केले. त्याच दशकात जॉर्ज सांचेझ हे शिक्षणतज्ज्ञ स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हेच पोटतिडकीने मांडत होते, परंतु शाळांच्या व्यवहारात फारसा फरक पडला नाही.

फरक पडू लागला तो न्यायालयात. कॅलिफोर्नियातील नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलांना इंग्रजी बुद्धिचाचणीच्या आधारे मतिमंदांच्या वर्गात बसवले गेले होते. स्पॅनिशमधूनही चाचणी घेतल्यावर त्यांतील बहुतेकांचे गुण त्या वर्गासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेले. ‘डायना’ नावाने ओळखला जाणारा हा खटला १९७० मध्ये तडजोडीने मिटला आणि मुलाची तपासणी त्याच्या घरच्या भाषेतूनही व्हावी, असे राज्याने मान्य केले. १९७५ च्या अपंग मुलांच्या शिक्षणविषयक संघराज्यीय कायद्यात या तत्त्वाला स्थान मिळाले. वर्गात एकदा चुकीच्या बाकावर बसवलेले मूल वर्षानुवर्षे तिथेच राहते, म्हणून या नऊ मुलांचा खटला मला या इतिहासातील सर्वांत मोलाचा टप्पा वाटतो.

दरम्यान, सॅन फ्रान्सिस्कोतील इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० चिनी विद्यार्थ्यांना भाषेसाठी कोणतीही जादा मदत मिळत नव्हती. ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सर्वांना सारखीच पुस्तके, शिक्षक आणि अभ्यासक्रम दिल्याने समानता साधत नाही. निकाल शिकवण्याबद्दल होता, पण सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देणे म्हणजे न्याय, या समजुतीलाही त्याने धक्का दिला.

तरीही १९९० च्या दशकापर्यंत मोठ्या चाचण्यांमधून इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना सहसा वगळलेच जाई. ते वरकरणी दयाळूपणाचे वाटते. प्रत्यक्षात मात्र ज्यांचे गुण मोजले जात नाहीत, त्यांच्या प्रगतीची जबाबदारी कोणावरच येत नाही. १९९४ च्या शालेय शिक्षणविषयक संघराज्यीय कायद्याने त्यांना सामावून घेण्यास सांगितले आणि जानेवारी २००२ मध्ये स्वाक्षरी झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने वाचन व गणिताच्या चाचण्या आणि इंग्रजी-प्रावीण्याची वार्षिक परीक्षा त्यांनाही बंधनकारक केली. आता प्रश्न उरला तो चाचणी देताना या मुलांना कोणत्या सवलती द्याव्यात याचा: सोपी भाषा, अनुवाद, जादा वेळ की शब्दसूची.

या सवलतींचा अभ्यास करणाऱ्यांत संशोधक जमाल अबेदी यांचे नाव अग्रणी आहे. कॅरल लॉर्ड यांच्यासह २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी आठवीच्या १,१७४ विद्यार्थ्यांना गणिताचे मूळ आणि भाषा सुलभ केलेले, असे दोन्ही प्रकारचे प्रश्न दिले. गणित तेच ठेवून कर्मणी प्रयोग, अपरिचित शब्द आणि एकात एक गुंतलेली उपवाक्ये तेवढी काढली होती. गुणांतील वाढ लहान होती, पण खरी होती. मातृभाषेतील अनुवाद हा सर्वांवर लागू पडणारा उपाय नाही, हेही अशा संशोधनातून स्पष्ट झाले: ज्याने अपूर्णांक इंग्रजीतून शिकले, त्याला स्पॅनिश प्रश्नपत्रिकेतील परिभाषाच परकी वाटते. जादा वेळ दिला तर इंग्रजी येणाऱ्या मुलांचेही गुण वाढू शकतात, त्यामुळे अंतर कमी होईलच असे नाही. विषयाचे ज्ञान उघड न करता केवळ शब्दाचा अर्थ सांगणारी शब्दसूची अधिक न्याय्य ठरते आणि संगणकावरील चाचण्यांत आता ती अनेक भाषांत दिली जाते.

२०१५ च्या शालेय शिक्षणविषयक संघराज्यीय कायद्याने प्रत्येक राज्याला आपल्या विद्यार्थ्यांमध्ये लक्षणीय प्रमाणात बोलल्या जाणाऱ्या भाषा निश्चित करण्यास सांगितले. अबेदी यांनी दाखवलेला एक पेचही त्यात अंशतः हाताळला गेला. इंग्रजी चांगले येऊ लागलेले मूल ‘इंग्रजी शिकणारे’ या गटातून बाहेर पडते आणि नवखे मूल आत येते, त्यामुळे शिकवणे कितीही सुधारले तरी गटाची सरासरी खालीच दिसते. म्हणून गटातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे गुण चार वर्षांपर्यंत त्याच गटात धरण्याची मुभा राज्यांना देण्यात आली.