जहाजाचा टन आणि वाइनचं पिंप

टायटॅनिक ४६,३२८ टनांचं होतं असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि वाचणारा साहजिकच ते वजन समजतो, पण तो आकडा वजनाचा नाहीच, जहाजाच्या आतल्या जागेचा आहे. वजनाचा आकडा वेगळा, ५२,३१० टन.

हा घोळ सुरू झाला वाइनच्या पिंपापासून. मध्ययुगात फ्रान्समधल्या बोर्दोकडून इंग्लंडला वाइन जायची ती मोठाल्या लाकडी पिंपांतून, त्या पिंपालाच टन म्हणायचे, एकात २५२ गॅलन मावायची. राजा दर पिंपामागे कर घ्यायचा, त्यामुळे जहाज केवढं तर किती पिंपं बसतात तेवढं, हिशोब संपला. आणि भरलेल्या पिंपाचं वजन साधारण २,२४० पौंड, म्हणून वजनाचा टनही त्याच पिंपातून निघाला. मापं दोन, नाव एकच.

पुढे पिंपं मोजण्याऐवजी फॉर्म्युला आला. १७७३ च्या ब्रिटिश कायद्यात लांबी-रुंदी मोजायची पण खोली मोजायचीच नाही, ती रुंदीच्या निम्मी धरायची! मग काय, बांधणारे अरुंद आणि खोल जहाजं बांधायला लागले, कागदावर टन कमी, कर कमी आणि पोटात माल भरपूर, फक्त अशी जहाजं समुद्रात भरवशाची नसायची. (करचुकवेगिरीचा इतका साधा उपाय मला तरी दुसरा माहीत नाही.)

१८५४ मध्ये मूरसम या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पद्धतीने आतली जागाच मोजायला सुरुवात झाली, १०० घनफूट म्हणजे एक रजिस्टर टन. नंतर १९६९ चा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो १९८२ पासून लागू आहे, त्यातलं ग्रॉस टनेज, म्हणजे जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप, तर नुसता आकडा, त्याला एककच नाही. नाव मात्र अजून टनेजच.

आता वापरात काय, तर टँकर किंवा कोळशाचं जहाज म्हटलं की डेडवेट, म्हणजे माल, इंधन, पाणी, माणसं मिळून किती वजन पेलेल ते. प्रवासी जहाजाला ग्रॉस टनेज. युद्धनौकेला डिस्प्लेसमेंट, म्हणजे ती जेवढं पाणी बाजूला सारते त्याचं वजन. त्यामुळे आयकॉन ऑफ द सीज ही क्रूझ २,४८,६६३ टनांची आणि अमेरिकेची विमानवाहू नौका लाखभर टनांची, म्हणजे क्रूझ अडीचपट जड, असं कुणी लिहिलं तर त्यात एक आकडा जागेचा आहे आणि दुसरा वजनाचा.