बफेलोचा वैरी वारा

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्क नावाच्या उपनगरात, एका वादळात सुमारे दोन मीटर बर्फ पडला. उंचापुरा माणूस उभाच्या उभा गाडला जाईल इतका. त्यात बळी गेले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पुढच्याच महिन्यात, ऐन नाताळात, बफेलोच्या विमानतळावर साधारण १३२ सेंटीमीटर बर्फ मोजला गेला, म्हणजे नोव्हेंबरच्या दोन तृतीयांश. पण या वेळी बफेलो ज्यात येतं त्या एकट्या ईरी परगण्यात ४७ माणसं दगावली. थंडी तरी विक्रमी होती का? तीही नाही. या शहरानं पूर्वी उणे २९ अंश सेल्सिअस सोसलेले आहेत, आणि नाताळातला पारा उणे १० ते १५ च्या आसपास रेंगाळत होता.

बर्फ कमी, थंडी नेहमीचीच, आणि मृत्यू मात्र कितीतरी जास्त. हे गणित वारा धरल्याशिवाय सुटत नाही. त्यात थोडा वाटा कॅलेंडरचाही आहे.

अमेरिकेच्या हवामान खात्याची हिमवादळाची व्याख्या पाहिली तरी हे लक्षात येतं. वाऱ्याचा वेग ताशी ५६ किलोमीटर किंवा अधिक, हवेतल्या बर्फामुळे चारशे मीटरच्या पलीकडचं दिसेनासं होणं, आणि ही स्थिती किमान तीन तास टिकणं. किती सेंटीमीटर बर्फ पडला आणि पारा किती उतरला, याचा व्याख्येत उल्लेखच नाही. आभाळ निरभ्र असतानाही, केवळ जमिनीवरचा बर्फ उधळून, रीतसर हिमवादळ होऊ शकतं. बफेलोनं हा प्रकारही अनुभवला आहे. जानेवारी १९७७ मधल्या तिथल्या कुप्रसिद्ध वादळात नवा बर्फ जेमतेम ३० सेंटीमीटर पडला होता. पण त्या हिवाळ्यात शहराला लागून असलेलं ईरी सरोवर डिसेंबरातच गोठलं होतं आणि त्या अफाट पांढऱ्या पटांगणावर आठवडेच्या आठवडे भुसभुशीत बर्फ साठत गेला होता. वाऱ्यानं तो सगळा उचलला आणि शहरावर आणून ओतला.

२०२२ ची गोष्ट वेगळी होती. सरोवर गोठलेलं नव्हतं, आणि तेच महागात पडलं.

सुरुवात झाली तिथून दोन हजार किलोमीटरहून दूर, पश्चिमेला. २१ डिसेंबरला वायोमिंगमधल्या शायान शहरात दुपारी तापमान ६ अंश होतं. अर्ध्या तासात ते उणे १६ वर आलं. तीस मिनिटांत २२ अंशांची घसरण! घरातून स्वेटर घालून निघालेला माणूस कोपऱ्यावर पोचेपर्यंत ऋतू बदललेला. अशी घसरण हवा जागच्या जागी थंड झाल्यानं होत नाही. एक हवा जाते आणि दुसरी तिच्या जागी येते. आर्क्टिक प्रदेशात लांबलचक रात्रीत थंड होत राहिलेली जड, दाट हवा जेट प्रवाहाच्या, म्हणजे उंच आकाशातल्या वेगवान वाऱ्याच्या, मोठ्या वळणामुळे दक्षिणेकडे सुटली होती. तिची आघाडी शायानवरून गेली ती त्या अर्ध्या तासात.

हीच हवा पूर्वेकडे गेल्यावर तिची गाठ उबदार, दमट हवेशी पडली. समशीतोष्ण पट्ट्यातली वादळं या तफावतीवरच पोसली जातात. गार हवा खाली घुसते, उबदार हवा वर चढते, मध्ये हवेचा दाब उतरत जातो. तो चोवीस तासांत चोवीस मिलिबारांनी (मिलिबार हे हवेच्या दाबाचं एकक) उतरला तर हवामानशास्त्रज्ञ त्या वादळाला ‘बॉम्ब’ म्हणतात. हा निकष ६० अक्षांशावरचा. विषुववृत्ताकडे सरकावं तसा तो थोडा सैल होतो. फ्रेडरिक सँडर्स आणि जॉन ग्याकम या दोघांनी १९८० मध्ये तो रूढ केला. नाताळातल्या वादळानं ही पायरी आरामात ओलांडली. मधला दाब जितका कमी आणि तो जितक्या कमी अंतरात बदलतो, तितका वारा जोरात. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ इथे आहे.

आता सरोवराचा भाग. ईरी सरोवर जवळपास ३९० किलोमीटर लांब आहे, नैऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेलं, आणि बफेलो त्याच्या अगदी पूर्व टोकाला. वारा नैऋत्येचा असला की तो सरोवराची जवळजवळ सगळी लांबी तुडवत शहरात शिरतो. डिसेंबरात पाण्याचा पृष्ठभाग गोठणबिंदूच्या थोडा वर असतो. आपल्याला ते पाणी भयंकर गार लागेल, पण आर्क्टिकच्या हवेला ते चक्क ऊबदार. ही हवा खालून तापते, वाफ पिते, हलकी होऊन वर उठते आणि त्या वाफेचा बर्फ होतो. दीड किलोमीटर उंचीवरची हवा पाण्यापेक्षा किमान १३ अंशांनी गार असेल तर हे यंत्र चालू होतं, असा तिथल्या हवामानतज्ज्ञांचा जुना ठोकताळा आहे. सरोवर गोठलं की वाफ बंद, यंत्रही बंद. ईरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ, त्यामुळे गोठण्यात सहसा तेच पुढे. पण १९७७ सारखा अपवाद सोडला तर डिसेंबर संपायच्या आत नाही.

शुक्रवारी, २३ डिसेंबरच्या सकाळी शहरात पाऊस पडत होता. थंड हवेची आघाडी आल्यावर काही तासांत त्याचा बर्फ झाला आणि वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेले. किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटांचे तुषार घरांवर उडत होते आणि उडताक्षणी गोठत होते. पलीकडे कॅनडाच्या बाजूला क्रिस्टल बीच भागातली घरं दारं-खिडक्यांसकट जाड बर्फाच्या कवचात बंद झाली. त्या घरांचे फोटो जगभर फिरले. सुंदर होते, पण त्यांनी वादळाचा खरा चेहरा झाकला असं मला वाटतं. माणसं गेली ती साध्या रस्त्यांवर, साध्या मोटारींत आणि आपापल्या घरांत.

या वाऱ्यातल्या बर्फाचा एक कण जवळून पाहण्यासारखा असतो. शांत हवेत पडणारा हिमकण म्हणजे सहा फांद्यांची नाजूक नक्षी. जोराच्या वाऱ्यात हे कण एकमेकांवर आणि जमिनीवर आपटतात, फांद्या मोडतात, आणि उरतात बारीक रव्यासारखे गोलसर दाणे. मोठे दाणे जमिनीलगत उड्या मारत जातात आणि प्रत्येक उडीत खालचे आणखी दाणे उडवतात. त्यांतले सर्वांत बारीक मग खाली पडतच नाहीत, वाऱ्यात तरंगत राहतात. एखादा मोठा हिमकण जितका प्रकाश अडवतो त्यापेक्षा तेवढ्याच वजनाचे शेकडो बारीक दाणे कितीतरी जास्त प्रकाश अडवतात आणि इकडेतिकडे विखुरतात. प्रकाश सगळीकडून सारखाच येऊ लागला की सावल्या नाहीशा होतात, क्षितिज पुसलं जातं, रस्ता आणि आभाळ एकाच रंगाचं होतं. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार आपल्याला ठाऊक आहे. हा तसाच, फक्त पांढरा. बफेलोच्या विमानतळावर हिमवादळाची स्थिती सलग ३७ तास टिकली.

अशा वेळी ‘घर दोन गल्ल्यांवर तर आहे’ हा हिशेब घात करतो. डोळ्यांना खूण मिळाली नाही तर माणूस सरळ चालूच शकत नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान साउमान आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे नीट मोजून दाखवलं. डोळे बांधून मोकळ्या मैदानात चालायला सांगितलेली माणसं सरळ चालतोय अशा समजुतीत गोल फिरत राहिली, आणि काहींची वर्तुळं अवघ्या वीस मीटर व्यासाची होती. कारण एक पाय आखूड असणं वगैरे नाही. दिशेच्या अंदाजात पावलागणिक होणाऱ्या बारीकसारीक चुका साठत जातात, आणि त्या दुरुस्त करायला बाहेरची खूण लागते.

तेच दाणे खाली बसले की दुसरं संकट उभं राहतं. बारीक, गोल दाणे एकमेकांना खेटून बसतात आणि स्पर्श होतो तिथे हळूहळू एकमेकांना चिकटतात, त्यामुळे वाऱ्यानं साठलेला ढीग ताज्या बर्फापेक्षा कितीतरी घट्ट होतो. शिवाय वारा जिथे मंदावतो तिथेच तो ओझं टाकतो: घराच्या आडोशाला, बंद पडलेल्या मोटारीच्या मागे. एक मोटार अडकली की तिच्यामागे ढीग, त्या ढिगात दुसरी मोटार, तिच्यामागे आणखी ढीग. बर्फ काढणारी यंत्रं, रुग्णवाहिका, अग्निशमन दलाच्या गाड्या यांतच रुतल्या. मदतीला निघालेल्यांनाच मदत लागत होती. नोव्हेंबरात बर्फ जास्त असूनही वारा कमी होता. यंत्रं चालत होती आणि चालवणाऱ्यांना समोरचं दिसत होतं.

कॅलेंडरचा वाटा इथे येतो. अंदाज चुकला होता असं म्हणायला जागा नाही. पिढीतून एखादंच येतं असं हे वादळ आहे, हा इशारा हवामान खात्यानं कितीतरी आधी दिला होता. पण तो शुक्रवार नाताळापूर्वीचा कामाचा शेवटचा दिवस होता. कुणाची पाळी, कुणाची राहिलेली खरेदी, कुणाला आईवडिलांकडे पोचायचं होतं. परगण्यातली प्रवासबंदी सकाळी साडेनऊला लागू झाली, तोवर पुष्कळ लोक कामावर पोचले होते. सकाळी पाऊस पडतोय आणि पारा शून्याच्या वर आहे, अशा वेळी दुपारचं चित्र डोळ्यांपुढे आणणं सोपंही नसतं.

देशभर सुट्टीचा हाच ताण दिसला. साउथवेस्ट या विमान कंपनीनं सोळा हजारांहून अधिक उड्डाणं रद्द केली. कोणता वैमानिक कुठे अडकलाय याचा मेळ तिच्या यंत्रणेला घालता येईना. पुढच्या वर्षी अमेरिकी सरकारनं तिच्यावर १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. दक्षिणेकडे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या १९३३ साली स्थापन झालेल्या वीज संस्थेला इतिहासात पहिल्यांदाच भारनियमन करावं लागलं. वीजकेंद्रात दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांतलं पाणी गोठलं की नियंत्रण यंत्रणेला चुकीचे आकडे जातात आणि सगळं धडधाकट असताना केंद्र स्वतःहून बंद पडतं. बोटाएवढ्या नळीमुळे शेकडो मेगावॉट गेले! उघड्यावरच्या नळ्यांची उष्णता ओढून नेण्यात वाऱ्याचा हात इथेही होताच.

मात्र वाऱ्यामुळे ‘जाणवणारं’ तापमान या आकड्याबद्दल पुष्कळ गैरसमज आहेत. आपलं शरीर त्वचेलगतचा हवेचा पातळ थर तापवून ठेवतं आणि वारा तो थर सतत उडवून लावतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकात पाण्यानं भरलेली प्लास्टिकची नळकांडी वाऱ्यात टांगून ती किती वेळात गोठतात हे मोजलं. हा आकडा तिथून आला. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं तो सुधारला. स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालवून त्यांच्या चेहऱ्यावरची उष्णता किती जाते ते पाहिलं. नव्या सूत्रानुसार उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उणे २० असल्यासारखं वाटतं. वारा दुप्पट केला तर आकडा जेमतेम उणे २३ होतो, कारण उबेचा थर आधीच बहुतेक उडालेला असतो. शिवाय वारा कुठलीही कोरडी वस्तू हवेच्या तापमानापेक्षा गार करू शकत नाही. तिथवर लवकर पोचवतो, इतकंच. म्हणून मला वाटतं, टीव्हीवर झळकणारा तो ‘जाणवणारा’ आकडा नाताळातल्या वाऱ्याचं सर्वांत कमी महत्त्वाचं काम सांगत होता.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की धोका सुरू होतो. आधी दात वाजतात, हुडहुडी भरते. ही हुडहुडी म्हणजे स्नायूंनी पेटवलेली शेगडीच. पुढे ती थांबते, आणि ते लक्षण बरं वाटल्याचं नसून इंधन संपल्याचं असतं. मेंदू मंदावतो, निर्णय चुकतात. काही जण तर शेवटी गरम होतंय या भासानं अंगावरचे कपडे काढतात. कपडे पावसात भिजलेले असतील तर हे सगळं फार लवकर घडतं.

मोटारीत अडकलेल्यानं गाडी सोडू नये, हा सल्ला यासाठीच दिला जातो: गाडी सापडते, माणूस सापडत नाही. पण हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि मागची धुराची नळी बर्फात बुजली, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. या वायूला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. म्हणून आधी उतरून नळीभोवतीचा बर्फ काढायचा, तासातून दहाएक मिनिटंच इंजिन चालवायचं आणि वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर खाली ठेवायची. नळी पुन्हा बुजते, त्यामुळे दर वेळी उतरून पाहायचं.

वादळ ओसरल्यावरही मृत्यू थांबले नाहीत, आणि यातले काही फावड्याशी जोडलेले होते. थंडीनं रक्तवाहिन्या आखडतात आणि रक्तदाब चढतो. त्यात वाऱ्यानं घट्ट बसवलेला जड बर्फ हातांनी उचलायचा, तोही बहुतेकदा श्वास रोखून आणि वर्षभर व्यायामाचा गंध नसताना. हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतील तर एवढा ताण झटक्याला पुरतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं, आणि करायचंच असेल तर फावडं अर्धंच भरावं, जमेल तिथे बर्फ उचलण्याऐवजी ढकलावा, आणि छातीत जरा जरी आवळल्यासारखं झालं तरी फावडं तिथेच टाकून घरात यावं.