अँपिअरच्या काट्यावरून हृदयाची खबर

विहिरीचे पाणी तुटले, हे कोल्हापूरकडच्या ऊस बागायतदाराला विहिरीत न डोकावताही कळते. स्टार्टरच्या पेटीवरील अँपिअरचा काटा खाली आला, की मोटारीवरचा भार उतरून पंप हवा ओढू लागल्याचे तो ओळखतो. छातीत बसवलेल्या कृत्रिम हृदयपंपाचे नियंत्रण पुष्कळ अंशी याच जाणिवेवर चालते.

हृदयाचा डावा कप्पा दुर्बल झाला, की हा पंप त्यातील रक्त घेऊन महाधमनीत सोडतो. निरोगी हृदय विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते; त्यातला मोठा वाटा पंपाला उचलावा लागतो. ‘हार्टमेट ३’ या पंपातील चक्र चुंबकीय बलाने अधांतरी तोललेले असून ते सामान्यतः मिनिटाला ५,००० ते ६,००० फेरे घेते. ते किंचित सरकले तरी संवेदक ते टिपतात आणि वेटोळ्यांतील विद्युतप्रवाह बदलून त्याला पुन्हा मध्यावर आणले जाते. रक्तप्रवाह मोजणारा संवेदक मात्र त्यात नाही. पोटाच्या त्वचेतून बाहेर आलेल्या केबलला जोडलेला नियंत्रक मोटारीचा वीजवापर आणि वेग यांवरून प्रवाहाचा अंदाज बांधतो. रक्ताचा दाटपणा बदलला, की हा हिशेबही बदलतो.

सर्वांत नाजूक प्रसंग शरीरातील पाणी कमी झाल्यावर येतो. कप्प्यात पुरेसे रक्त नसताना पंप त्याच वेगाने फिरत राहिला, तर कप्प्याची भिंतच त्याच्या तोंडाशी ओढली जाऊ शकते. मोटारीच्या वीजवापरातील चढउतारांवरून हे लक्षात येताच नियंत्रक वेग ठरलेल्या किमान मर्यादेपर्यंत उतरवतो आणि मग हळूहळू पूर्ववत करतो. विहिरीचा पंप अशा वेळी सरळ बंद करता येतो, हा करता येत नाही. यात झडप नसल्यामुळे थांबलेल्या पंपातून महाधमनीतील रक्त उलटे हृदयात उतरते.

माझ्या मते खरे अपुरे काम याच्या पुढचे आहे. जोतिबाच्या पायऱ्या चढताना आपले हृदय न सांगता वेग वाढवते, पण या पंपाचा वेग डॉक्टरांनी ठरवून दिलेला असतो. कप्पा अधिक भरला तर प्रवाह थोडा वाढतो, तरी नैसर्गिक हृदयाइतका नाही. हृदयातील दाब सतत मोजून त्यानुसार वेग आपोआप बदलणाऱ्या नियंत्रकांवर म्हणूनच संशोधन चालू आहे. मात्र रक्तात वर्षानुवर्षे राहूनही अचूक दाब सांगणारा संवेदक घडवणे फार अवघड आहे, कारण कालांतराने त्याचे मोजमाप सरकते आणि चुकीच्या आकड्यावर विसंबलेला नियंत्रक भरलेला कप्पा रिकामा समजू शकतो.