सौम्य यकृतजन्य मेंदूविकार : औषधांची पारख (खानदेश)

सिरोसिसच्या (यकृत घट्ट, व्रणमय होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) रुग्णात मेंदूचे काम मंदावते, पण साध्या बोलण्याचालण्यात ते जाणवत नाही, ती ही अवस्था. आतड्यात तयार होणारा अमोनिया थकलेल्या यकृताला निस्तरता येत नाही आणि तो रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. रुग्ण ‘मी बरा आहे’ म्हणतो. घरचे मात्र सांगतात, आप्पा मोटार चालू करून विसरतात, केळीच्या घडांचा हिशेब चुकवतात, रात्री जागतात न् दिवसा पेंगतात.

औषधाचा गुण पाहायचा तो कागद-पेन्सिलीवर. विखुरलेले 1 ते 25 आकडे क्रमाने जोडायचे आणि लागलेले सेकंद मोजायचे. खानदेशात खरी अडचण इथेच येते. सातपुड्यातला, पावरी बोलणारा, कधी पेन्सिल न धरलेला माणूस अडखळला तर दोष यकृताचा की न मिळालेल्या शाळेचा? अशांसाठी आकड्यांऐवजी चित्रे जोडण्याची चाचणी भारतातच तयार झाली. तुलनाही त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या निरोगी माणसांशीच हवी. नाहीतर निष्कर्षाला अर्थ नाही.

दुसरी अडचण सरावाची. तोच कागद पुन्हा दिला की हात आपोआप भरभर चालतो. म्हणून कागद बदलावा लागतो आणि औषध न घेणारा गटही लागतो. लुधियानातल्या 2011 च्या औषध-अभ्यासात 94 रुग्ण होते. रिफॅक्सिमिन हे आतड्यातच राहणारे प्रतिजैविक घेणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश 8 आठवड्यांत सुधारले. पण नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांतलाही पाचातला एक सुधारला होता!

लॅक्टुलोज या गोड पातळ औषधाची पारख त्याहून अवघड, कारण दिवसाला दोन-तीन वेळा पोट साफ होऊ लागले की कोणाला काय मिळतेय ते रुग्णाला कळतेच. चंडीगडच्या 2007 च्या अभ्यासात 61 रुग्णांपैकी निम्म्यांना ते 3 महिने दिले, उरलेल्यांना काहीच दिले नाही. औषध घेणाऱ्यांची चाचणीतली कामगिरी सुधारली, रोजचे जगणेही सुसह्य झाले. मात्र केळीच्या बागेत दिवसभर राबणारा मजूर शौचालय जवळ नसल्याने डोस चुकवतो. रिकाम्या बाटल्या मोजल्याशिवाय औषध लागू पडले की नाही हे ठरवू नये.

आहाराचीही नोंद हवी. यकृत बिघडले म्हणून घरचे डाळ आणि कळण्याची भाकरी बंद करतात. हे चुकीचे आहे : अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात, नाहीतर स्नायू झिजतात आणि अमोनिया निस्तरण्याची ती दुसरी जागाही हातची जाते.