पूना डिव्हिजनची कैद : कूत ते रास अल-ऐन

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी लष्कराच्या ६ व्या डिव्हिजनचं नाव होतं 'पूना डिव्हिजन'. पुण्याचं नाव लावून ती नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखातात उतरली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी आजच्या इराकमधल्या कूत गावी जवळजवळ सगळीच्या सगळी तुर्कांच्या हाती सापडली. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून भरती झालेली ही माणसं. इंग्रजी इतिहासांत या प्रकरणाचं नाव 'कूतचा वेढा' असं आहे आणि बहुतेक पुस्तकं शरणागतीच्या दिवशीच आटोपतात. आपल्या माणसांची खरी परीक्षा मात्र त्या दिवशी सुरू झाली. पुढची अडीच वर्षं ती कुठे होती, काय करत होती, किती परतली, याबद्दल मराठीत फार थोडं लिहिलं गेलं आहे.

ही मोहीम मुळात तेलासाठी होती. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तिथवर येणारी पाइपलाइन सुरक्षित ठेवायची, बसरा ताब्यात ठेवायचं, एवढंच काम. ६ नोव्हेंबर १९१४ ला फाव इथे पहिल्यांदा जी ब्रिगेड उतरली तिच्यात ११७ मराठा होती. त्याच महिन्यात बसरा पडलं. तिथेच थांबलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण जून १९१५ मध्ये अमारा सहज मिळालं, सप्टेंबरच्या शेवटी कूत मिळालं आणि वरिष्ठांना बगदाद दिसू लागलं. मोहिमेची सूत्रं सिमल्याहून हलत होती. नदीतल्या बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, जखमींना हलवायची सोय जवळपास नाहीच, हे ठाऊक असूनही जनरल टाउनशेंडच्या हाताखालची डिव्हिजन पुढे ढकलली गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन इथे, म्हणजे सलमान पाक या गावाजवळ, तिचे सुमारे ४,६०० लोक मेले किंवा जखमी झाले. उरलेले माघारी वळले आणि ३ डिसेंबरला कूतला पोचले. चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला.

कूत हे टायग्रिस नदीच्या वळणात वसलेलं गाव. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला खंदक. गावच्या ईशान्येला एक मातीचा किल्ला होता; नाताळच्या आदल्या रात्री तुर्कांनी त्यावर मोठा हल्ला चढवला, तेव्हा तो राखणाऱ्यांत १०३ मराठाचे जवान होते. त्यानंतर तुर्कांनी हल्ले थांबवले आणि भुकेवर भरवसा ठेवला.

वेढा १४७ दिवस चालला. गावात जव सापडले, पण दळायला साधन नव्हतं. म्हणून विमानातून जात्याचे दगड खाली टाकले गेले. पुढे पिठाची पोतीही विमानांतून टाकली. लष्कराला विमानाने रसद पोचवण्याचा जगातला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. त्यातलं बरंचसं नदीत पडलं, काही तुर्कांच्या हाती गेलं. शेवटच्या दिवसांत माणशी रोजचं पीठ चार औंसांवर आलं, म्हणजे जेमतेम एका मोठ्या भाकरीपुरतं.

घोडे आणि खेचरं कापून गोरे सैनिक ते मांस खात होते. हिंदी जवान, हिंदू आणि मुसलमान दोघेही, बराच काळ नाही म्हणाले. इंग्रज लेखकांनी याला अडाणी हट्ट म्हणून निकालात काढलं आहे. मला हा निवाडा पटत नाही. जवानाला स्वतःच्या पोटापेक्षा गावाची चिंता जास्त होती. घोडा खाल्ला हे गावात कळलं तर पंगतीतून उठवतील, घरातल्या मुलींची लग्नं अडतील, ही भीती खरी होती. सुट्टीवर गेलेला शिपाई गावातच परतत असे; पलटणीचा गणवेश त्याला जातीच्या पंचायतीपासून वाचवू शकत नव्हता. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, त्या वाचून दाखवल्या गेल्या. एप्रिल उजाडला तेव्हा बहुतेकांनी खायला सुरुवात केली, पण तोवर शरीरं खंगली होती. हिंदी जवानांत स्कर्व्ही, म्हणजे ताज्या भाजीपाल्याअभावी होणारा आजार, पसरला होता. खंदकांच्या आसपासचा रानपाला खुडून, शिजवून ते भाजी म्हणून खात होते.

सुटकेसाठी बाहेरून आलेल्या फौजेने वेढ्यातल्या माणसांपेक्षा किती तरी जास्त माणसं गमावली आणि ती कूतपर्यंत पोचलीच नाही. अखेर तुर्की सेनापती खलील पाशाला दहा लाख पौंड, मग वीस लाख पौंड देऊ केले गेले. त्याने नकार दिला.

शरणागतीच्या वेळची मोजदाद ब्रिटिशांच्या अधिकृत इतिहासात आहे. २७७ ब्रिटिश अधिकारी, २०४ हिंदी अधिकारी, २,५९२ गोरे सैनिक, ६,९८८ हिंदी सैनिक. आणि ३,२४८ 'फॉलोअर्स'. या शेवटच्या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. फॉलोअर म्हणजे भिस्ती, ड्राबी (खेचरं हाकणारे), डोलीवाले, सफाईवाले, लांगरी (स्वयंपाकी). हातात बंदूक नाही, नावावर पदक नाही, पगार शिपायाहून कमी. पण वेढ्यात गोळी आणि भूक त्यांच्याही वाट्याला आलीच, आणि कैदेतही ते सगळ्यांबरोबर गेले. कूतच्या कैद्यांपैकी साधारण दर चौथा माणूस या वर्गातला होता.

तुर्कांनी कैद्यांना नदीने आठ मैल वर शुमरान इथे नेलं. तिथे त्यांना वाटली ती तुर्की फौजेची जाड, दगडासारखी कडक बिस्किटं. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या माणसांनी ती भिजवून, चावून, कशीही पोटात ढकलली. आतडी सुजली, हगवण लागली आणि पहिल्याच आठवड्यात कित्येकजण तिथेच दगावले. मग अधिकारी आणि शिपाई यांना वेगळं केलं. अधिकारी बोटीने बगदादला गेले. शिपायांना मे महिन्याच्या उन्हात, पखाली आणि बूट आधीच लुटले गेलेले असताना, पायी हाकललं. स्वतः टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला. त्याची उरलेली कैद आरामात गेली आणि कैदेत असतानाच त्याला 'सर' ही पदवीही मिळाली. आपल्या माणसांचं काय झालं याची त्याने पुरेशी चौकशी केली नाही, हा ठपका युद्धानंतर त्याच्यावर कायमचा राहिला. तो योग्यच होता असं मी म्हणेन.

बगदादमध्ये अमेरिकेचे कॉन्सल (वाणिज्यदूत) ब्रिसेल यांनी जमेल तेवढे पैसे आणि औषधं दिली. तिथेच तुर्कांनी मुसलमान कैद्यांना बाजूला काढलं. त्यांना जरा बरी वागणूक द्यायची आणि जिहादच्या नावाने आपल्या बाजूला वळवायचं, असा बेत होता. तो फारसा फळाला आला नाही. बाकीच्यांना आगगाडीने समारापर्यंत नेलं आणि तिथे रूळ संपले. त्यापुढे तिक्रित, मोसुल, नुसैबिन अशी शेकडो मैलांची पायपीट. जो मागे पडला तो मेला, नाही तर लुटला जाऊन मेला. वाटेत ओसाड गावं लागली, विहिरींत प्रेतं तरंगत होती. हाच रस्ता आदल्या वर्षी आर्मेनियन लोकांना हद्दपार करताना वापरला होता, आणि त्यांची कत्तल अजून थांबलेली नव्हती. हिंदुस्थानातून गेलेले शिपाई नकळत विसाव्या शतकातल्या एका भयंकर नरसंहाराचे साक्षीदार झाले.

ज्या ठिकाणी बहुतेक हिंदी कैदी शेवटी पोचले ते आजच्या सीरिया-तुर्कस्तान सीमेवरचं रास अल-ऐन. नावाचा अर्थ झऱ्याचा उगम. खाबूर नदी इथल्या झऱ्यांतून निघते. जर्मन कंपनी बांधत असलेली बर्लिन-बगदाद रेल्वे पश्चिमेकडून इथवर आली होती आणि पुढे नुसैबिनकडे सरकायची होती. जर्मनीला आणि तुर्कस्तानला ती युद्धासाठी तातडीने हवी होती, मजूर मिळत नव्हते आणि हजारो कैदी आयते हाती आले होते. गोऱ्या शिपायांना पश्चिमेकडच्या तॉरस आणि अमानुस डोंगरांतल्या बोगद्यांवर धाडलं. हिंदी कैद्यांच्या वाट्याला मुख्यतः हा सपाट, झाड नसलेला माळ आला. माती खणून भराव घालायचा, खडी फोडायची, स्लीपर आणि रूळ वाहायचे. पहिला हिवाळा सगळ्यांत वाईट ठरला. अंगावर उन्हाळी चिंध्या, राहायला तंबू, आणि त्यात टायफस या तापाची साथ. कैद्यांची शुश्रूषा करणारे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे तरुण बंगाली डॉक्टर मार्च १९१७ मध्ये रास अल-ऐनलाच वारले.

या छावणीबद्दल हिंदी माणसाने लिहिलेलं सगळ्यांत मोठं कथन बंगालीत आहे. शिशिरप्रसाद सर्वाधिकारी बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचे स्वयंसेवक म्हणून गेले, कूतला पकडले गेले आणि रास अल-ऐनच्या दवाखान्यात राबले. त्यांची रोजनिशी तुर्कांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी तिची पानं फाडून बुटांत दडवली आणि तशीच चालत नेली. पुढे त्यांवरून पुन्हा लिहून काढली. 'अभि ले बगदाद' या नावाने ते पुस्तक १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात छापलं गेलं. त्यात तुर्की शिपायाबद्दल द्वेष नाही, हे मला विशेष वाटतं. तोही अनवाणी होता, तोही उपाशी होता, त्यालाही घरी जायचं होतं, हे सर्वाधिकारींना दिसत होतं. तुर्की राज्ययंत्रणा आतून कोसळली होती. कैद्यांच्या मरणाला क्रूरता जबाबदार होती तितकीच ही मोडलेली व्यवस्थाही.

मराठा पलटणींतल्या कुणाची अशी रोजनिशी असती तर! पण बंगालच्या त्या तुकडीत शिकलेली पोरं होती, आणि आपल्या पलटणींतला बहुसंख्य शिपाई निरक्षर होता. तो पत्र लिहवून घ्यायचा, लिहायचा नाही. आणि पत्र आधी पलटणीत, मग सेन्सॉरकडे वाचलं जाई. घोड्याचं मांस, विहिरीतली प्रेतं, बिस्किटांनी मेलेला गाववाला, हे असल्या पत्रात कोण सांगणार? परत आल्यावरही जातीच्या भीतीने कित्येकांनी कूतचं खाणं बोलूनच दाखवलं नसेल, असा माझा तर्क आहे.

इकडे लंडनमध्ये मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या या मोहिमेच्या, गोंधळाची चौकशी झाली. आयोगाचा अहवाल जून १९१७ मध्ये बाहेर आला. वैद्यकीय सोयींचा बोजवारा त्यात उघडपणे मांडला होता. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. बगदाद तोवर, ११ मार्च १९१७ ला, दुसऱ्या फौजेने घेतलं होतं. कूतला गमावलेल्या तिन्ही मराठा पलटणी नव्या भरतीने पुन्हा उभ्या केल्या गेल्या. ऑक्टोबर १९१८ च्या शेवटी शरकतच्या लढाईत ११४ मराठाने नाव काढलं, आणि त्याच सुमारास ३० तारखेला तुर्कस्तानशी युद्धबंदी झाली. कैदी सुटले.

किती सुटले? २,५९२ गोऱ्या शिपायांपैकी सतराशेहून अधिक मेले. हिंदी शिपाई आणि फॉलोअर्स मिळून अडीच ते तीन हजार मेल्याचं धरलं जातं, म्हणजे टक्केवारीत बरंच कमी. पण या आकड्याकडे पाहताना जपून राहावं लागतं. त्यात मोठा भाग 'पत्ता लागला नाही' अशांचा आहे. गोऱ्या शिपायाचा शोध घेणारे कुटुंब, चर्च, वर्तमानपत्र होतं. रत्नागिरीच्या डोलीवाल्याला शोधायला कोण गेलं?

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी बसऱ्याला स्मारक उभारलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदींपैकी अधिकाऱ्यांची नावं आली. साध्या जवानांची पलटणवार फक्त संख्या. हा भेद चुकीचा होता हे युद्धकबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ मध्ये, शंभर वर्षांनी, मान्य केलं.

इकडे गावागावांतही तसंच. सातारा आणि कोकणातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून इतके लोक १९१४–१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके मेले. सातारा तालुक्यातल्या अपशिंगे या गावातले ४६ जण त्या युद्धात गेले ते परतले नाहीत. त्या गावाला आजही 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. बहुतेक पाट्यांवर नाव एकही नाही. कोण फ्रान्सला पडला, कोण कूतच्या खंदकात, कोण रास अल-ऐनच्या मातीत, हे पाटीवरून कळत नाही. गावातल्या एखाद्या घरी अजून पितळी पदक, पेन्शनचं पुस्तक किंवा पणजोबांबद्दल ऐकलेलं 'बसऱ्याला गेला तो आलाच नाही' हे वाक्य असेल, तर ते लिहून ठेवायला आत्ताही उशीर झालेला नाही. पलटणीचा नंबर ठाऊक असला तरी पुष्कळ धागा लागतो.

कैद्यांनी घातलेल्या रुळांचं पुढे एक वेगळंच झालं. १९२१ मध्ये फ्रान्स आणि तुर्कस्तान यांच्यात सरहद्द ठरली ती याच रेल्वेमार्गाला धरून. रास अल-ऐनचं गाव मधोमध तुटलं. रुळांच्या दक्षिणेचा भाग आज सीरियात आहे, उत्तरेचा तुर्कस्तानात, जेलानपिनार नावाने. तिथून नुसैबिनपर्यंत ज्या भरावावर साताऱ्या-कोकणातल्या कैद्यांनी माती टाकली, तो भराव आता दोन देशांची सीमारेषा आहे.