डॉक्टरांचा शब्द, दुकानदाराला दंड

१७ जून २०१४ रोजी अमेरिकी सिनेटच्या ग्राहकसंरक्षणविषयक उपसमितीसमोर टीव्हीवरील आरोग्यविषयक कार्यक्रमामुळे प्रसिद्ध झालेले डॉ. मेहमेत ऑझ साक्ष द्यायला बसले होते. सुनावणीचा विषय होता वजन घटवण्याच्या उत्पादनांच्या फसव्या जाहिराती. उपसमितीच्या अध्यक्षा, मिसुरी राज्याच्या सिनेटर क्लेअर मॅकॅस्किल यांनी त्यांच्याच कार्यक्रमातील वाक्ये त्यांना वाचून दाखवली. हिरव्या कॉफीच्या बिया, रास्पबेरी कीटोन आणि गार्सिनिया कॅम्बोजिया या तिन्ही पदार्थांबद्दल बोलताना ऑझ यांनी कधी जादू, तर कधी चमत्कार म्हणावा अशी भाषा वापरली होती. त्यावर त्यांनी उत्तर दिले की आपण जे सांगतो त्यावर आपला स्वतःचा विश्वास असतो, मात्र ते सिद्ध सत्य म्हणून मांडण्याइतका शास्त्रीय आधार पुष्कळदा नसतो. आपली भाषा अलंकारिक झाली, हेही त्यांनी मान्य केले. त्या दिवशी त्यांची कानउघाडणी झाली, पण त्यांच्यावर आरोप मात्र कोणताच नव्हता. ते कोणतेही उत्पादन विकत नव्हते, आणि आपले नाव वापरणाऱ्या विक्रेत्यांचा आपल्यालाच त्रास होतो, अशी त्यांची तक्रार होती.

ही तक्रार खोटी नव्हती, आणि खरी गोम तिथेच आहे. डॉक्टर बोलतो, विक्रेता ते बोलणे उचलतो, कायदा विक्रेत्याला पकडतो आणि डॉक्टर पुढच्या भागाच्या चित्रीकरणाला जातो. ही व्यवस्था ऑझ यांच्या आधीपासून घडत आलेली आहे.

तिचा पहिला ठळक अंक रेडिओच्या काळातला आहे. कॅन्सस राज्यातील मिलफर्ड या खेड्यात जॉन ब्रिंकली हा इसम पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून पुरुषांच्या शरीरात बोकडाच्या वृषणग्रंथी बसवण्याची शस्त्रक्रिया करीत असे आणि गेलेले पौरुष परत येते असे सांगत असे. एका शस्त्रक्रियेचे ७५० डॉलर, म्हणजे त्या काळात शेतकऱ्याचे कंबरडे मोडणारी रक्कम. त्याची पदवी ज्या संस्थेची होती तिची वैद्यकीय वर्तुळात फारशी पत नव्हती. पण १९२३ मध्ये त्याने स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले आणि पदवीची उणीव ध्वनिलहरींनी भरून काढली. श्रोते आपली दुखणी पत्राने कळवीत, ब्रिंकली ती पत्रे ध्वनिक्षेपकावर वाचून, रोग्याला न पाहताच निदान करी आणि औषधाचा केवळ क्रमांक सांगे. त्या क्रमांकाचे औषध त्याच्याशी संधान बांधलेल्या औषधविक्रेत्यांकडे मिळे आणि प्रत्येक विक्रीतला वाटा ब्रिंकलीकडे पोचे.

ब्रिंकलीच्या बाबतीत मात्र कायद्याने बोलणाऱ्यालाच धरले, आणि तेही दोन्ही बाजूंनी. १९३० मध्ये कॅन्ससच्या वैद्यकीय मंडळाने त्याचा व्यवसायाचा परवाना काढून घेतला आणि त्याच वर्षी केंद्र सरकारच्या रेडिओ आयोगाने त्याच्या केंद्राच्या परवान्याचे नूतनीकरण नाकारले. आकाशवाणीच्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत आणि एका माणसाच्या धंद्यासाठी त्या वापरता येणार नाहीत, अशी त्यामागची भूमिका होती. ब्रिंकलीने याला उत्तर म्हणून त्याच वर्षी राज्यपालपदाची निवडणूक लढवली. मतपत्रिकेवर नाव छापलेले नसतानाही मतदारांनी हाताने त्याचे नाव लिहिले आणि तो थोडक्यात हरला. मग त्याने रिओ ग्रांदे नदीपलीकडे मेक्सिकोच्या भूमीवर प्रचंड शक्तीचे केंद्र उभारले आणि तिथून पुन्हा अमेरिकेशीच बोलू लागला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांनी त्याला भोंदू म्हटले, म्हणून त्याने बदनामीचा खटला भरला. तो १९३९ मध्ये हरल्यावरच त्याचे साम्राज्य कोसळले. १९४२ मध्ये तो मेला तेव्हा दिवाळखोर होता.

वजनाच्या क्षेत्रातील कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिथे सगळेच भोंदू नव्हते. आणि तिचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. अल्बर्ट सायमन्स हे ब्रिटिश डॉक्टर १९३१ साली भारतात आले आणि सुमारे १८ वर्षे इथे राहिले. हिवताप, प्लेग आणि कुष्ठरोग या विषयांत त्यांनी काम केले, स्वातंत्र्यानंतर काही काळ मुंबईत खासगी व्यवसाय केला आणि १९४९ मध्ये ते रोमला गेले. भारतात असताना ग्रंथींच्या विकाराने लठ्ठ झालेल्या मुलांना त्यांनी एचसीजी हे संप्रेरक टोचून पाहिले होते. हे संप्रेरक गर्भवती स्त्रियांच्या लघवीतून मिळवले जाते. या मुलांची अनावर भूक शमते असे त्यांना वाटले, आणि त्या निरीक्षणावर त्यांनी एक संपूर्ण उपचारपद्धती उभारली. रोज १२५ युनिटचे इंजेक्शन आणि जोडीला दिवसाला फक्त ५०० कॅलरींचा आहार, असे काही आठवडे. हे संप्रेरक शरीरातील ‘अनावश्यक’ चरबी तेवढी सोडवून वापरायला देते, म्हणून रुग्णाला भूक लागत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. १९५४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला, पाठोपाठ सामान्य वाचकांसाठी पुस्तिका आली, आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर दवाखान्यांचे पेव फुटले.

दिवसाला ५०० कॅलरींवर राहिलेला माणूस बारीक होणारच. त्याला मिठाचे पाणी टोचले तरी तो बारीक होईल. सायमन्स यांच्या निरीक्षणात तुलनागट नव्हता, आणि तो घेऊन केलेल्या चाचण्यांत इंजेक्शनचा वेगळा परिणाम दिसेना. सत्तरच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, एचसीजीच्या वेष्टनावर एक मजकूर सक्तीचा केला. लठ्ठपणाच्या उपचारात या औषधाची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. १९९५ मध्ये २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्याचाही निष्कर्ष तोच होता. तरीही ही पद्धत संपली नाही. इतर आजारांसाठी मान्यता असलेले औषध डॉक्टर आपल्या जबाबदारीवर वेगळ्या कारणासाठी लिहून देऊ शकतात, ही वाट मोकळी राहिली. २००७ मध्ये केव्हिन ट्रूडो या टीव्ही विक्रेत्याने सायमन्स यांचीच पद्धत नव्या पुस्तकातून खपवली. जाहिरातीत पुस्तकातील मजकुराबद्दल खोटे सांगून न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल त्याला २०१४ मध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. तो डॉक्टर नव्हता, विक्रेता होता. म्हणूनच तो सापडला.

एक योगायोग इथे नोंदवावासा वाटतो. सायमन्स यांचा लेख आला त्याच १९५४ साली भारताच्या संसदेने औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा कायदा केला. ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करता येणार नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. त्या कायद्यातील जाहिरातीची व्याख्या मोठी चमत्कारिक आणि दूरदर्शी आहे. पत्रक आणि वेष्टन तर तिच्यात येतेच, पण तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने पोचवलेला मजकूरही येतो. अंमलबजावणीचा भाग निराळा, पण बोललेला शब्द जाहिरात असू शकतो हे आपल्याकडे कागदावर तरी सत्तर वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

अमेरिकेत उलट दिशेने वाटचाल झाली. १९७२ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे कमी कर्बोदकांच्या आहाराचे पुस्तक प्रचंड खपले. पुढच्याच वर्षी मेडिकल असोसिएशनने त्यावर कडक टीका केली, सिनेटच्या पोषणविषयक समितीपुढे सुनावणी झाली, आणि पुस्तक खपतच राहिले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २००३ च्या सुमारास झालेल्या नियंत्रित चाचण्यांत या आहाराने पहिल्या सहा महिन्यांत अधिक वजन घटल्याचे दिसले, जरी वर्षअखेर तो फरक उरला नाही. सिद्ध न झालेले सगळेच खोटे ठरते असे नाही. प्रश्न एवढाच की पुरावा तीस वर्षांनी आला आणि खात्री मात्र पहिल्या दिवसापासून विकली गेली.

मग १९९४ चा आहारपूरकांविषयीचा कायदा आला. जीवनसत्त्वे, वनस्पतींचे अर्क आणि तत्सम गोळ्यांना औषध न मानता अन्नाच्या जवळचे स्थान मिळाले, आणि बाजारात आणण्यापूर्वी त्यांची परिणामकारकता एफडीएला सिद्ध करून दाखवण्याची गरज उरली नाही. माल खुला झाला होता. आता त्याला हवा होता विश्वासाचा चेहरा.

तो ऑझ यांच्या रूपाने मिळाला, आणि हा चेहरा ब्रिंकलीसारखा उसना नव्हता. हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत शिकलेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक असलेले ते नामांकित हृदयशल्यविशारद होते. ऑप्रा विन्फ्रे यांच्या कार्यक्रमात पाहुणे म्हणून ते घराघरांत पोचले आणि २००९ च्या सप्टेंबरात त्यांचा स्वतःचा दैनंदिन कार्यक्रम सुरू झाला. रोज तासभर बोलायचे तर रोज नवे काहीतरी हवे. भाज्या खा, चाला, वेळेवर झोपा, हे आठवड्यात सांगून संपते. मला वाटते, पैशाच्या लोभापेक्षा या रोजच्या भुकेने अधिक नुकसान केले.

एप्रिल २०१२ मध्ये त्या कार्यक्रमात हिरवी, म्हणजे न भाजलेली, कॉफी आली. तिच्यामागचा अभ्यास बेंगळुरूत झाला होता. त्यात एकंदर १६ माणसे होती. २२ आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ८ किलो घटले, असा दावा होता. अभ्यासाचा खर्च टेक्सासमधील अप्लाइड फूड सायन्सेस या अर्क विकणाऱ्या कंपनीने केला होता. फसव्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने पुढे जी तक्रार मांडली तिच्यानुसार मुख्य संशोधकाने वजनांचे आकडे वारंवार बदलले, चाचणीचा कालावधी बदलला आणि अर्क कोणाला दिला व प्लासिबोची निष्क्रिय गोळी कोणाला, याचीही गल्लत केली. निबंध छापून येईना तेव्हा कंपनीने पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन विद्यापीठाच्या दोन प्राध्यापकांना पैसे देऊन तो नव्याने लिहून घेतला. त्यांनी मूळ आकडे पडताळले नाहीत. २०१२ च्या सुरुवातीला निबंध छापून आला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच तो लाखो प्रेक्षकांपुढे होता.

त्या भागात पाहुणा होता लिंडसे डंकन, स्वतःला निसर्गोपचारतज्ज्ञ म्हणवणारा. कमिशनच्या म्हणण्यानुसार कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी विचारणा करेपर्यंत तो हा अर्क विकत नव्हता. बोलावणे आल्यावर त्याने विक्रीची जुळवाजुळव केली आणि प्रेक्षक भाग पाहून इंटरनेटवर कोणते शब्द शोधतील याचा हिशेब करून जाहिराती लावल्या. सप्टेंबरमध्ये कार्यक्रमाने स्वतःचाही एक प्रयोग केला. दोन आठवड्यांत कॉफीचा अर्क घेणाऱ्या स्त्रियांचे वजन सरासरी दोन पौंडांनी आणि प्लासिबो घेणाऱ्यांचे एका पौंडाने घटले. हा फरक साधारण ४५० ग्रॅमचा, म्हणजे अर्ध्या लिटर पाण्याहूनही कमी.

गार्सिनिया कॅम्बोजियाची गोष्ट तर अधिक बोचणारी आहे. हे फळ आपल्या कोकमाचे सख्खे भाऊबंद. केरळात माशाच्या कालवणात त्याची वाळवलेली साल घालतात. त्यातील आम्लाने वजन घटते का, हे १३५ लोकांवर १२ आठवडे नीट तपासून १९९८ मध्येच ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते, आणि उत्तर होते, नाही. कार्यक्रमात हे फळ त्यानंतर १४ वर्षांनी झळकले.

हिशेब चुकता झाला तो असा. सप्टेंबर २०१४ मध्ये अप्लाइड फूड सायन्सेसने ३५ लाख डॉलर देऊन तडजोड केली, ऑक्टोबरमध्ये दोन्ही प्राध्यापकांनी निबंध मागे घेतला, आणि जानेवारी २०१५ मध्ये डंकन व त्याच्या कंपन्यांनी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कमिशनच्या या कारवाईत ऑझ यांचे नाव प्रतिवादी म्हणून कुठेच नव्हते, कारण पैसे न घेता व्यक्त केलेले मत अमेरिकेत भाषणस्वातंत्र्याच्या छत्राखाली येते. रोग्याला तपासताना डॉक्टर जे बोलतो त्याला वैद्यकीय मंडळ जाब विचारू शकते. कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो तेव्हा समोर कोणीच रोगी नसतो.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये कॅनडातील संशोधकांची पाहणी आली. ऑझ यांच्या कार्यक्रमाचे ४० भाग तपासून त्यांनी निवडलेल्या शिफारशींपैकी ४६ टक्क्यांना काही ना काही आधार सापडला, ३९ टक्क्यांना सापडला नाही आणि १५ टक्के शिफारशी उपलब्ध पुराव्याच्या विरोधात जाणाऱ्या होत्या. एप्रिल २०१५ मध्ये दहा डॉक्टरांनी कोलंबिया विद्यापीठाला पत्र लिहून त्यांना काढण्याची मागणी केली. त्या दहांपैकी काहींचे स्वतःचे उद्योगजगताशी संबंध होते, हे लगेच उघड झाले आणि मूळ मुद्दा बाजूला पडला. विद्यापीठाने अध्यापकांच्या विचारस्वातंत्र्याचा हवाला दिला.

ऑझ यांचा कार्यक्रम जानेवारी २०२२ मध्ये थांबला तो त्यांनी पेनसिल्व्हेनियातून सिनेटची निवडणूक लढवली म्हणून. ते हरले. ३ एप्रिल २०२५ रोजी त्याच सिनेटने ५३ विरुद्ध ४५ मतांनी त्यांची मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना चालवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी नियुक्ती मान्य केली. दुसऱ्याच दिवशी, त्यांनी कारभार हाती घेण्यापूर्वी, त्या संस्थेने लठ्ठपणावरील नव्या इंजेक्शनांचा खर्च मेडिकेअरने उचलावा हा आधीच्या सरकारचा प्रस्ताव पुढे नेण्याचे नाकारले. त्यांतील सेमाग्लुटाइड या औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तिच्यात १,९६१ लोक होते, ती ६८ आठवडे चालली, आणि औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी, तर प्लासिबो घेणाऱ्यांचे अडीच टक्क्यांच्या आतच घटले होते.