खाणीतली जीन्स, पडद्यावरचं जॅकेट: माप देण्याआधी एवढं वाचा

नमस्कार.

आमच्याकडे येणारे बरेच जण मोबाइलवर एखादा जुना कृष्णधवल फोटो पुढे करतात आणि म्हणतात, "असं पाहिजे." कधी त्यात हॉलीवूडचा जुना नट मार्लन ब्रँडो असतो, कधी जेम्स डीन. तो फोटो पाहून आम्हालाही तेवढाच आनंद होतो, कारण याच कपड्यांच्या वेडापायी आम्ही पुण्यात हा छोटा कारखाना सुरू केला. पण टेप हातात घेण्याआधी थोडं बोलणं व्हायला हवं. दुकानात गर्दी असली की ते राहून जातं, म्हणून हे पत्रक.

आमचं सांगणं एवढंच आहे की यातले बरेच कपडे मुळात कष्टकऱ्यांचे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या खाणी, रेल्वेची कामं, गुरांचे तांडे इथे ते वर्षानुवर्षं वापरले गेले आणि मग सिनेमात आले. प्रत्येक शिवणीमागे काहीतरी कारण आहे. ते कळलं की आपल्याला काय शोभेल आणि कशावर पैसे घालवू नयेत, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

जीन्सची गोष्ट

नेवाडातल्या रीनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याच्या बायकोने त्याला सांगितलं, नवऱ्यासाठी न फाटणारी पॅन्ट शिवून दे. घोड्याच्या झुलीला लावायचे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायचे खिळे, त्याच्याकडे होते. तेच त्याने खिशाच्या कोपऱ्यांवर ठोकले, कारण पॅन्ट उसवते ती नेमकी तिथेच. मागणी वाढली तेव्हा त्याने आपल्या कापडाच्या व्यापाऱ्याला, सॅन फ्रान्सिस्कोच्या लीव्हाय स्ट्रॉसला, पत्र लिहिलं आणि २० मे १८७३ रोजी दोघांना त्या रिव्हेटचं पेटंट मिळालं. पुढे मागच्या खिशांवरचे रिव्हेट घोड्याच्या खोगिराला आणि घरातल्या खुर्च्यांना ओरखडे पाडतात अशा तक्रारी आल्या, म्हणून १९३७ मध्ये ते कापडाखाली झाकले गेले. आम्हीही ते झाकूनच बसवतो. तुमच्या स्कूटरच्या सीटचीही आम्हाला काळजी आहे.

कापडाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी जादू तिथेच आहे. डेनिममध्ये, म्हणजे जीन्सच्या कापडात, उभे धागे निळीत रंगवलेले आणि आडवे धागे कोरे असतात. उभ्या धाग्यांचे दोर करून ते निळीच्या हौदात पुन्हा पुन्हा बुडवतात. हौदातून बाहेर येताना धागा हिरवट-पिवळा दिसतो आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळा होतो. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, आतून तो पांढराच राहतो. म्हणून कापड जिथे घासलं जातं तिथे पांढरी रेघ उमटते. भोसरीत लेथवर काम करणारे आमचे एक ग्राहक आहेत. त्यांच्या जीन्सच्या उजव्या मांडीवर खिशातल्या स्टीलच्या पट्टीचा लांबट चौकोन उमटलाय आणि मशीनला टेकून उभं राहिल्यामुळे दोन्ही मांड्यांवर खडू फिरवल्यासारखी पांढुरकी झाक आलीय. दोन वर्षांत तयार झालेलं हे काम आहे. कारखान्यात दगड आणि रसायनं वापरून असं काही करता येत नाही, म्हणून 'आधीच फिकी केलेली' पॅन्ट आम्ही शिवत नाही.

'सेल्व्हेज' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. तो म्हणजे कापडाचा काठ. इचलकरंजीत धोट्याचा माग चालताना ज्यांनी पाहिलाय त्यांना लगेच कळेल: आडवा धागा कडेपर्यंत जाऊन परत फिरतो, त्यामुळे काठ पक्का बसतो आणि सुटत नाही. जुन्या अमेरिकन जीन्समध्ये पाय दुमडला की हाच काठ दिसतो. या कापडाचा पन्हा जेमतेम ३० इंच असतो, म्हणून कापड लांबीला जास्त लागतं आणि किंमत वाढते. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोची व्हाइट ओक गिरणी या कापडासाठी नावाजलेली होती. ती २०१७ मध्ये बंद पडली.

या निळ्या कापडाशी आपलंही नातं आहे. इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्या जाड्याभरड्या डुंगरी कापडावरून गेला आणि त्याचा धागा मुंबईच्या डोंगरीपर्यंत नेतात. अमेरिकन नौदलातले खलाशीही आपल्या कामाच्या डेनिमला डंगरीच म्हणत.

आटण्याबद्दल स्पष्ट सांगतो

सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडून एक चूक झाली. आटवून न घेतलेलं कोरं कापड आम्ही तसंच कापलं. पहिल्याच धुण्यात ग्राहकाची पॅन्ट घोट्याच्या वर गेली आणि बटण लागेना. ती आम्ही बदलून दिली. तेव्हापासून असा प्रत्येक तागा आधी गरम पाण्यात भिजवून वाळवल्याशिवाय त्याला कात्री लागत नाही. सॅन्फोराइज्ड कापड, म्हणजे गिरणीतच आटवलेलं, फारसं आटत नाही. दोन्ही प्रकार आमच्याकडे आहेत. कापडाची जाडी त्याच्या एका चौरस यार्डाच्या वजनावरून, औंसात सांगतात. उन्हाळ्याचा विचार करता १० ते ११ औंसाचं कापड घ्या, असंच आम्ही सुचवतो. १४ औंसाची पॅन्ट दिसते रुबाबदार, पण मे महिन्यात पुण्यात दुपारी ती अंगावर ठेवणं कठीण.

कातडी जॅकेट

ब्रँडोने 'द वाइल्ड वन' (१९५३) मध्ये घातलेलं जॅकेट 'पर्फेक्टो' पद्धतीचं. ही पद्धत न्यूयॉर्कच्या अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ मध्ये मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी आणली. तिरकी चेन शोभेची नाही. छातीवर कातडं एकावर एक येतं आणि वारा आत शिरत नाही. जॅकेट आखूड असतं, कारण पुढे वाकून बसल्यावर लांब जॅकेट पोटाशी गोळा होतं. तेव्हा लांबी वाढवून मागू नका, उंच कमरेची पॅन्ट घ्या, दोन्ही बरोबर जुळतात. जुनी जॅकेटं बहुधा घोड्याच्या कातड्याची असत. आम्ही शेळीचं वापरतो. ते हलकं आहे आणि लवकर अंगाचं होतं.

पावसाळ्यात जॅकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, बुरशी धरते. रुंद खांद्याच्या हँगरवर, हवा खेळेल तिथे टांगा. भिजलं तर पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा हीटरपुढे नको.

बाकीचं थोडक्यात

साधा पांढरा टी-शर्ट हा मुळात नौदलाचा आतला कपडा, अमेरिकन खलाशांना १९१३ पासून मिळू लागला. बाही दंडाच्या मध्यावर यावी आणि खांद्याची शिवण खांद्यावरच बसावी, बाकी काही बघायला नको. शॅम्ब्रेचा शर्ट मात्र जरूर घ्या. शॅम्ब्रे म्हणजे डेनिमसारखंच दिसणारं, पण साध्या विणीचं हलकं कापड, आपल्या हवेला या सगळ्यांत जवळचं.

बायकांसाठी वेगळं काही हवं का, असं विचारतात. लीव्हाय स्ट्रॉस कंपनीने बायकांची जीन्स १९३४ मध्येच काढली होती आणि मर्लिन मन्रोने 'द मिसफिट्स' (१९६१) मध्ये जीन्सवर डेनिमचंच जॅकेट घातलंय. कंबर बेंबीपाशी आणि सीट मोकळी, एवढं सांभाळलं की छान बसते.

हॅट, रुमाल, बूट, जॅकेट, रुंद पट्टा असं सगळं एकदम घालू नका. एखादीच भारी वस्तू घ्या, बाकी साधं ठेवा. पहिल्यांदा खरेदी करणार असाल तर जॅकेटआधी जीन्स शिवा. जॅकेट वर्षातले तीन महिने अंगावर येईल, जीन्स बाराही महिने.

माप द्यायला येताना

तुम्हाला नीट बसणारी एखादी जुनी पॅन्ट सोबत आणा, कशीही फाटकी असली तरी चालेल. तिचं आसन, मांडी आणि मोहरी आम्ही उतरवून घेतो. जे बूट रोज घालणार आहात तेच घालून या, नाहीतर लांबी चुकते. पाय दुमडून घालणार असाल तर आधीच सांगा, दोन इंच जादा ठेवतो. आणि तो मोबाइलमधला फोटोही आणा. तो पाहिल्यावर आम्हाला अर्धं काम समजतं.